मदत म्हणजे उधारी नव्हे

(तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



नैसर्गिक आपत्ती आल्यावर एक देश दुसऱ्या देशाला मदत कशी करतो, हा विषय आज मला दिला आहे. ऐकताना वाटतं, हा परराष्ट्र खात्याचा विषय, आपला काय संबंध? पण गेल्या काही वर्षांत हा विषय आपल्या मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. मे २०२५ आठवा. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारत-पाकिस्तान संघर्ष झाला आणि तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली. लगेच बहिष्काराच्या हाका सुरू झाल्या. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं. त्याच्या जोडीला एक वाक्य फिरत होतं: २०२३ च्या भूकंपात आपण यांना मदत केली, त्याची ही परतफेड?

तुमच्यापैकी अनेकांना कॉलेजात किंवा ऑफिसात हाच प्रश्न जरा वाकडा करून विचारला गेला असेल. "तुमच्या तुर्कीने बघा काय केलं." तुर्की 'तुमची' कधी झाली हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि बहुतेक वेळा आपल्यालाही उत्तर सुचत नाही. काही जण गप्प बसतात, काही तुर्कस्तानची वकिली करायला लागतात. मला वाटतं, दोन्ही चुकीचं आहे. प्रश्न तुर्कस्तान चांगला की वाईट हा नाहीच. मदत ही काय वस्तू आहे, ती कुणाला दिली जाते आणि तिचा हिशेब कसा ठेवायचा, हा प्रश्न आहे. त्यासाठी आधी ही मदत प्रत्यक्षात कशी जाते ते पाहू.

सुरुवात पासपोर्टपासून

६ फेब्रुवारी २०२३. तुर्कस्तानात पहाटेचे सव्वाचार. ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. दुपारी ७.५ चा दुसरा धक्का बसला. एकट्या तुर्कस्तानात ५० हजारांहून अधिक माणसं गेली, शेजारच्या सीरियात आणखी हजारो. त्याच दिवशी दिल्लीत बैठक झाली आणि त्या रात्री पहिलं पथक निघालं. मोहिमेला नाव दिलं 'ऑपरेशन दोस्त'. दोस्त हा शब्द आपल्याकडेही आहे आणि तुर्की भाषेतही.

आता बघा, पथक निघालं म्हणजे काय काय झालं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, यांच्या दीडशे जवानांना पाठवायचं ठरलं. त्यातल्या बहुतेकांकडे परदेशी जायचे पासपोर्टच तयार नव्हते. परराष्ट्र मंत्रालयाच्या पासपोर्ट विभागाने काही तासांत ते बनवून दिले. व्हिसा तुर्कस्तानने तिथे उतरल्यावर दिला. काँक्रीट कापायची यंत्रं आणि वास काढणारी कुत्री हवाई दलाच्या सी-१७ विमानांत चढवली. स्वतःचं अन्न आणि तंबूही बरोबर घ्यावे लागतात, कारण आंतरराष्ट्रीय नियमच असा आहे की, मदतीला येणाऱ्या पथकाने आपला बोजा आपत्तीग्रस्तांवर टाकायचा नाही. जिथे लोकांना भाकर मिळत नाही तिथे पाहुण्याने पाणीसुद्धा मागू नये. एकूण पाच विमानं गेली, अडीचशेहून अधिक माणसं आणि १३५ टनांहून अधिक सामान.

या पथकात महिला जवान होत्या. एनडीआरएफच्या महिला परदेशातल्या मोहिमेवर जाण्याची ही पहिली वेळ. त्यातल्या एकीने घरी दीड वर्षाची जुळी मुलं सासूपाशी ठेवली होती. इथे बसलेल्या मुलींनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. ढिगाऱ्याखालून निघालेल्या बाईला धीर द्यायला, तिला तपासायला बाई असली की फरक पडतो. अफगाणिस्तानात भूकंप झाल्यावर बायकांपर्यंत मदत पोचवणं का अवघड जातं, याचं उत्तर तिथल्या महिला कार्यकर्त्यांवर घातलेल्या बंदीत आहे. बायकांना घरी बसवणारा समाज संकटात आपल्याच बायकांना वाऱ्यावर सोडतो.

लष्कराचं आग्र्याचं ६० पॅरा फील्ड हॉस्पिटल तिथल्या इस्केंदेरुन गावात उभं राहिलं. ३० खाटा, ऑपरेशन थिएटर, एक्स-रे, व्हेंटिलेटर. हे साधं युनिट नाही. १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात भारताने लढायला सैन्य पाठवलं नाही, पण हेच वैद्यकीय पथक पाठवलं होतं. त्यांनी तुर्कस्तानात दोन आठवड्यांत जवळपास चार हजार रुग्ण तपासले.

आणि एनडीआरएफने किती जीव वाचवले? दोन. दोन लहान मुली जिवंत बाहेर काढल्या आणि ८५ मृतदेह. काही जणांना हा आकडा ऐकून निराशा होते. मला होत नाही. दोन मुली म्हणजे दोन पूर्ण आयुष्यं आहेत, आणि ८५ घरांना आपलं माणूस दफन करता आलं. पण या आकड्यातून एक धडा घ्यायला हवा. भूकंपात पहिले ७२ तास महत्त्वाचे असतात आणि परदेशी पथकाचे निम्मे तास प्रवासात जातात. जगात कुठेही भूकंप होवो, सगळ्यात जास्त माणसं वाचवतात ती शेजारपाजारची माणसं. हात, पहार आणि टिकाव एवढ्यावर. परदेशातून येणारी मदत त्याच्यानंतरची असते. दवाखाना, तंबू, औषधं, पाणी. दिसायला साधी, पण जगवणारी.

बोलावल्याशिवाय जाता येत नाही

दुसरी गोष्ट. कितीही कळवळा आला तरी कुठलाही देश दुसऱ्याच्या हद्दीत मदतीची विमानं परस्पर उतरवू शकत नाही. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४६/१८२ या क्रमांकाचा ठराव केला. जगातल्या मानवतावादी मदतीची चौकट आजही त्यावर उभी आहे. त्यात दोन खांब आहेत. मदत माणुसकीने, तटस्थपणे आणि भेदभाव न करता द्यायची, हा पहिला. आणि आपत्तीग्रस्त देशाच्या संमतीने द्यायची, हा दुसरा. त्याच वर्षी शोध आणि बचाव पथकांसाठी 'इन्साराग' नावाची जागतिक व्यवस्था सुरू झाली. १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा देशोदेशीची पथकं आली आणि कुणी कुठे काम करायचं याचाच गोंधळ झाला, त्यातून हा शहाणपणा आला. आता पथकांची क्षमतेनुसार वर्गवारी असते, तपासून झालेल्या इमारतीवर ठरलेली खूण करतात, म्हणजे दुसरं पथक तिथेच वेळ घालवत नाही.

हे दोन खांब एकमेकांशी भांडले की काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो.

८ ऑक्टोबर २००५. काश्मीरमध्ये मोठा भूकंप. नियंत्रण रेषेच्या पलीकडे, मुझफ्फराबादच्या परिसरात आणि सरहद्द प्रांतात ७० हजारांहून अधिक मृत्यू. आपल्या बाजूला उरी आणि तंगधारमध्ये हजाराहून अधिक. डोंगराळ मुलूख, रस्ते खचलेले, थंडी तोंडावर. तिथे सगळ्यात जास्त गरज होती हेलिकॉप्टरची. भारताने हेलिकॉप्टर देऊ केली. पाकिस्तान म्हणालं, हेलिकॉप्टर द्या, वैमानिक नकोत. भारत म्हणाला, वैमानिकाशिवाय हेलिकॉप्टर देणार नाही. दोन्ही सैन्यांची कारणं त्यांच्या जागी समजण्यासारखी होती. पण हेलिकॉप्टर उडाली नाहीत, आणि वरच्या गावांतली माणसं आभाळाकडे बघत राहिली.

तरी त्याच आपत्तीत दुसरंही घडलं. भारताने तंबू, ब्लँकेट, औषधं विमानाने आणि रेल्वेने पाठवली, अडीच कोटी डॉलर जाहीर केले. आणि नोव्हेंबरात नियंत्रण रेषेवर पाच ठिकाणी वाट उघडायचं ठरलं. ज्या रेषेवर वर्षानुवर्षं फक्त गोळ्या ओलांडून जात होत्या, तिथून सामान आणि काही नातेवाईक जाऊ लागले.

दुसरं उदाहरण सीरियाचं. २०२३ च्या त्याच भूकंपात वायव्य सीरिया उद्ध्वस्त झाला. तो भाग तेव्हाच्या असद सरकारच्या विरोधकांच्या ताब्यात होता. तिथे सुमारे ४० लाख माणसं आधीच मदतीवर जगत होती. तुर्कस्तानातून तिथे मदत न्यायला सुरक्षा परिषदेने फक्त एका नाक्याला परवानगी दिली होती, बाब अल-हवा. तिकडचा रस्ता भूकंपात खराब झाला. संयुक्त राष्ट्रांचा पहिला ताफा ९ फेब्रुवारीला गेला. तिसरा दिवस, आणि ट्रक सहा. अजून दोन नाके उघडायला असद सरकार राजी झालं तेव्हा आठवडा उलटला होता. संयुक्त राष्ट्रांच्या मदतकार्याचे प्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स यांनी जाहीरपणे कबूल केलं की वायव्य सीरियातल्या लोकांसाठी आपण कमी पडलो. तुर्कस्तानात विमानतळावर परदेशी पथकांची रांग लागली होती, आणि काही तासांच्या अंतरावर लोक उघड्या हातांनी स्लॅब उचलत होते. ढिगाऱ्याखाली माणसं सारखीच होती. फरक सरकारमान्यतेचा होता.

भारताने दमास्कसलाही विमान पाठवलं, सहा टन औषधं आणि साहित्य घेऊन. निर्बंध असलेल्या देशाला मदत द्यायची की नाही यावर आपण अडलो नाही, याची नोंद घेतली पाहिजे. पण दमास्कसला पोचलेलं सामान इदलिबला पोचतंच असं नव्हतं, याचीही घेतली पाहिजे.

मदतीत राजकारण असतं का?

असतं. कुणी नाही म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आपल्या तमिळनाडूत, अंदमान-निकोबारमध्ये दहा हजारांहून अधिक माणसं गेली होती. तरीही आपल्या नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला गेली. आयएनएस निरुपक हे सर्वेक्षणाचं जहाज तरंगतं रुग्णालय बनून सुमात्रातल्या मेउलाबोहला पोचलं. यात माणुसकी होती आणि हिंदी महासागरात आपण एक सत्ता आहोत हे सांगणंही होतं. त्या वेळी अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया आणि भारत यांनी मदतीसाठी जो गट केला, त्यातूनच पुढे 'क्वाड' हा सामरिक गट आकाराला आला.

नेपाळचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला, सुमारे नऊ हजार माणसं गेली. त्याच दिवशी आपली विमानं काठमांडूत उतरली. ऑपरेशन मैत्री. एवढ्या वेगाने कुणीच पोचलं नव्हतं. आणि आठवड्याभरात नेपाळी तरुण भारतीय माध्यमांना 'घरी जा' म्हणून सांगत होते. का? कारण आपल्या काही वाहिन्यांनी नेपाळचं दुःख दाखवण्यापेक्षा भारताचा मोठेपणा दाखवला. मुलगा ढिगाऱ्यात असलेल्या आईपुढे माइक धरून विचारलं, कसं वाटतंय? मदतीच्या ताटाबरोबर आरसाही नेला की असं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात नेपाळची नवी राज्यघटना आली, मधेशी समाजाचं आंदोलन झालं आणि सीमेवरून इंधन, औषधं जाणं थांबलं. नेपाळने त्याला भारताची नाकेबंदी म्हटलं, भारताने ते नाकारलं. कारण काहीही असो, एप्रिलात कमावलेली माया हिवाळ्यात गेली.

पण गोरखा आणि नुवाकोट या जिल्ह्यांत भारताने पुढची काही वर्षं शांतपणे ५० हजार घरांच्या बांधणीला पैसा आणि तांत्रिक मदत दिली. घरं लोकांनी स्वतः बांधली, आपले अभियंते सल्ला देत होते. हे काम तुम्ही कुठल्या वाहिनीवर पाहिलं? विमान उतरताना कॅमेरा असतो, घराचं छप्पर बसताना नसतो. एखाद्या देशाने मदत कशी केली हे ठरवायचं असेल तर तीन-चार वर्षांनी जाऊन बघावं.

पाकिस्तानशी तर पैसे देणंही सरळ नसतं. २०१० च्या पुरात भारताने आधी ५० लाख डॉलर देऊ केले. पाकिस्तानला हो म्हणायला आठवडा लागला आणि नंतर ते म्हणाले, थेट नको, संयुक्त राष्ट्रांमार्फत द्या. भारताने रक्कम वाढवून अडीच कोटी केली आणि तशी दिली. २०२२ च्या पुराने तिथे सव्वातीन कोटींहून जास्त लोकांना फटका बसला. आपल्या पंतप्रधानांनी दुःख व्यक्त केलं, पण मदतीची विमानं गेली नाहीत.

म्हणजे राजकारण ठरवतं की दार उघडेल की नाही. पण दार उघडल्यावर आत काय न्यायचं, कुणाला आधी द्यायचं, हे राजकारणाने ठरवता कामा नये. माणुसकीच्या मदतीचा सगळा झगडा या एका रेषेवर चालतो.

घेणाऱ्याची बाजू

आपण आतापर्यंत देणारे म्हणून बोललो. आपण घेणारेही आहोत.

मी लातूर जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. जवळपास आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंतींनी माणसं मारली. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, ५२ गावं नव्या जागी वसली. देशातून आणि परदेशातून मदतीचे ट्रक आले, तेही मी पाहिले. माझ्या अब्बांच्या ओळखीचे एक शेतकरी होते. स्वतःचं धान्य दारात आलेल्या कुणालाही मापून न देणारा माणूस. त्यांना तंबूपुढे ब्लँकेटसाठी रांगेत उभं राहताना खाली मान घातलेली मी पाहिली आहे. त्यामुळे मदत घेणं म्हणजे फुकट मिळवणं, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. घेण्यासाठीही माणसाला बरंच काही सोडावं लागतं.

देशांचंही तसंच असतं. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा पाकिस्तानचं विमान तंबू आणि ब्लँकेट घेऊन अहमदाबादला उतरलं, आपण ते घेतलं. २००४ च्या त्सुनामीनंतर मात्र भारताने ठरवलं की परदेशी सरकारांची मदत आपण मागायची नाही, आपलं आपण निभावू. स्वाभिमान म्हणून ते समजतं. पण २०१८ मध्ये केरळात महापूर आला. ज्या आखाती देशांत लाखो केरळी माणसं घाम गाळतात, तिथून मदतीची इच्छा व्यक्त झाली, केरळ सरकारलाही ती हवी होती. केंद्राने जुन्या धोरणाकडे बोट दाखवून नकार दिला. मग २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन संपला तेव्हा अनेक देशांची मदत आपण घेतली. आणि २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री सहायता निधीला परदेशी देणग्या घ्यायची परवानगी केंद्राने दिली. आम्हाला तेव्हा नाही आणि यांना आता का, असं केरळने विचारलं. तो प्रश्न रास्त आहे. देताना आपण म्हणतो, भेदभाव नको. घेतानाही तोच नियम हवा.

हिशेब कुणाशी मांडायचा?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपण मदत केली आणि तुर्कस्तानने काय केलं?

माझं उत्तर असं आहे. तुर्कस्तानच्या सरकारने मे २०२५ मध्ये घेतलेल्या भूमिकेवर भारतीय नागरिक म्हणून टीका करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मीही करतो. परराष्ट्र धोरणाचं उत्तर परराष्ट्र धोरणाने द्यावं. पण इस्केंदेरुनच्या तंबूत ज्या बाईच्या पायाला प्लास्टर घातलं, ती त्या देशाची परराष्ट्रमंत्री नव्हती. ढिगाऱ्यातून निघालेल्या सहा वर्षांच्या मुलीने भारताशी कुठलाही करार केला नव्हता. आपण मदत त्यांना केली, आणि ती तिथेच पूर्ण झाली. वाण्याच्या वहीत लिहिली जाते ती उधारी. मदत त्या वहीत लिहिली की तिची किंमत जाते, देणाऱ्याचीही.

ग्रीस आणि तुर्कस्तान हे जुने वैरी. ऑगस्ट १९९९ मध्ये तुर्कस्तानात इझमितला भूकंप झाला, १७ हजारांहून अधिक माणसं गेली. ग्रीक पथकं धावून गेली. तीन आठवड्यांत अथेन्सला भूकंप झाला, तेव्हा तुर्की पथक ग्रीसला गेलं. दोन्हीकडच्या सामान्य माणसांनी एकमेकांना वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून सगळी भांडणं मिटली का? नाही. समुद्राच्या हद्दीवरून ते आजही भांडतात. पण २०२३ मध्ये तुर्कस्तान पुन्हा हादरलं तेव्हा सर्वांत आधी निघालेल्यांत ग्रीक पथक होतं. मागच्या मदतीने भांडण मिटलं नाही म्हणून पुढची मदत त्यांनी थांबवली नाही.

हे झालं इतरांना द्यायचं उत्तर. आता एक प्रश्न आपल्याला आपल्यालाच विचारायचा आहे, आणि तो कडू आहे. तुर्कस्तानच्या भूकंपात आपल्या मोहल्ल्यांत दुआ झाल्या, स्टेटस बदलले, पैसे गोळा करायच्या गोष्टी झाल्या. नेपाळच्या वेळी किती झाल्या? समोरचा माणूस मदतीचा हिशेब दोस्ती-दुश्मनीवर मांडतो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, आणि आपण तो धर्मावर मांडतो. मग दोघांत फरक काय राहिला?

२८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये भूकंप झाला. रमजानचा शेवटचा जुम्मा होता, नमाजाची वेळ. मंडाले आणि सागाइंगमध्ये मशिदी कोसळून शेकडो मुस्लिम गेले. त्याच धक्क्याने बौद्ध विहारही कोसळले, भिक्खूही गेले. दुसऱ्या दिवशी भारताचं पहिलं विमान यांगूनला उतरलं, मग एनडीआरएफचे ८० जवान गेले, लष्कराचं रुग्णालय मंडालेत लागलं. ऑपरेशन ब्रह्मा. त्या रुग्णालयाच्या दारात कुणी विचारलं नाही की तू मशिदीखालून निघालास की विहाराखालून. आपल्या मनातल्या रुग्णालयाचं दारही तेवढंच रुंद असायला हवं.

हे आपल्याला अवघड नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला तेव्हा बकरी ईद अगदी तोंडावर होती. अनेक मुस्लिमांनी कुर्बानीचा खर्च वाचवून पूरग्रस्तांना दिला, घेणारा कोण हे न विचारता. तेव्हा जे केलं तेच सीमेपलीकडे लागू करायचं आहे.

आपण काय करायचं?

शेवटी काही कामाच्या गोष्टी.

पहिली, जुने कपडे पाठवू नका. त्सुनामीनंतर नागपट्टिणमच्या रस्त्यांच्या कडेला देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग सडत पडले होते. गाडी, गोदाम, मजूर हे सगळं त्यात अडकतं. पैसा दिला तर वस्तू जवळच्या बाजारातून घेता येतात आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा उभा राहतो.

दुसरी, पैसा कायद्याच्या वाटेने पाठवा. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टने आपलं उत्पन्न देशाबाहेर खर्च केलं तर आयकराची सूट जाऊ शकते, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. व्यक्तीला परदेशात देणगी द्यायची तर ती बँकेतून, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे. मोहल्ल्यात कुणीतरी क्यूआर कोड फिरवतं आणि आपण रमजानच्या भावनेत पैसे टाकून मोकळे होतो, हे बंद करा. पावती मागा. पावती मागणं म्हणजे इमानावर संशय घेणं नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीसारख्या संस्था भारतात काम करतात, रेड क्रॉस आहे. खात्री करून द्या.

तिसरी, प्रश्न विचारा. परराष्ट्र मंत्रालयाच्या अर्थसंकल्पात परदेशातल्या आपत्तींसाठी दरवर्षी वेगळी तरतूद असते. तो तुमच्या-माझ्या कराचा पैसा आहे. कुठे गेला, कुणाला पोचला, तीन वर्षांनी तिथे काय उभं आहे, हे विचारणं देशभक्तीच आहे.

आणि चौथी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मी मघाशी म्हणालो की सगळ्यात जास्त जीव शेजारी वाचवतात. तो शेजारी तुम्ही आहात. शासनाची 'आपदा मित्र' नावाची योजना आहे, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडून प्रशिक्षण मिळतं. प्रथमोपचार, पुरातून माणूस काढणं, जखमीला उचलायचं कसं, हे शिकून घ्या. एनडीआरएफची एक बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. तिथले जवान परदेशात कामाला येतात कारण ते रोज सराव करतात. मुलामुलींनी दोघांनी शिका. तुमच्या गल्लीत इमारत पडेल तेव्हा पहिल्या तासात तिथे कुठलंही विमान येणार नाही.

पुढचा भूकंप कुठे होईल ते सांगता येत नाही. आपल्याला न आवडणाऱ्या देशात होईल, आपल्याला नावं ठेवणाऱ्यांच्या गावात होईल. तेव्हा तुमच्या हातात मोबाइल असेल आणि कुणीतरी लिहिलेलं असेल, 'बरं झालं, भोगा.' त्या क्षणी तुम्ही काय लिहिता, यावरून मला कळेल की आजचं हे बोलणं पोचलं की नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ. अवघड असतील ते आधी विचारा.